सेवा केंद्राचा कॉम्प्युटर: सुटे भाग जुळवतानाच्या नोंदी

१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

विंडोज १० चे फुकट येणारे सुरक्षा अपडेट काल थांबले. पडद्यावर तशी पाटी कधीची येत होती, मी ती बंद करून पुढचा सातबारा काढत होते. घाबरायचं काही नाही, नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणखी वर्षभर अपडेट मिळतात. पण ती सवलत घरगुती वापरासाठी आहे. इथे अख्ख्या गावाचे आधार, पासबुकं आणि उताऱ्यांचे फोटो एकाच डब्यातून जातात. तेव्हा आता हात घालायचाच.

आज जे आहे ते लिहून ठेवते. बोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, एच६१. प्रोसेसर इंटेलचा आय३-२१२०, दोन कोअरचा, म्हणजे आत काम करणारे दोन मेंदू. रॅम ४ जीबी, डीडीआर३. ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटसोबतच आलेला, नाव नसलेला. मॉनिटर साडेअठरा इंची, मागे फक्त व्हीजीए, चित्राची जुनी जोडणी. बाहेरून जोडलेलं म्हणजे कॅननचा २९०० लेसर प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र, वेबकॅम आणि ६०० व्हीएचा यूपीएस.

पैसे बचत गटातून घेते आहे. पंचवीस हजार, महिना एक टक्का. याच्या वर एक रुपया नाही.

१७ ऑक्टोबर

लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू आहे, मुदत १८ नोव्हेंबर. बाया सकाळी नऊपासून ओट्यावर बसून असतात. संकेतस्थळ अडकलं की सगळ्या माझ्या कॉम्प्युटरकडे पाहतात. एक आजी म्हणाली, "काहून व बाई, मेला का तुवा डब्बा?" डबा मेला नव्हता, ओटीपीच येत नव्हता.

यंत्र कुठे अडतं आणि नेट कुठे अडतं हे वेगळं काढल्याशिवाय पैसे खर्च करण्यात अर्थ नाही. म्हणून काम चालू असतानाच टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडा ठेवला. प्रोसेसर तीस-चाळीस टक्क्यांवर. मेमरी नव्वदच्या वर. डिस्क मात्र शंभरला चिकटलेली, खाली यायचं नावच नाही. फिरती डिस्क एक मोठी फाइल सलग वाचायला बरी, सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते. पण ब्राउझर उघडताना इथून तिथून हजारो बारीक फाइली वाचाव्या लागतात. तेव्हा तिची वाचणारी सुई नुसती धावत राहते आणि वेग एक-दोन एमबीवर येतो. रॅम कमी पडली की विंडोज उरलेलं सामान याच डिस्कवर टाकतं, म्हणजे आधीच थकलेल्या बैलावर आणखी एक पोतं.

आणखी एक सापडलं. हे विंडोज ३२ बिटचं आहे. ४ जीबी रॅम लावलेली असली तरी त्यातली सव्वातीनच वापरात दिसते. याच विंडोजवर रॅम वाढवली असती तर पैसे पाण्यात गेले असते. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यामुळे ही भानगड आपोआप मिटेल.

१९ ऑक्टोबर, रविवार

भाऊजी आयटीआयला वायरमनचा ट्रेड करतात, दिवाळीला घरी आले आहेत. दोघांनी मिळून कॅबिनेट उघडला. आत कापूसच कापूस. बाजूच्या खोलीत दरवर्षी वेचणीचा कापूस साठवतो, त्याचे तंतू पंख्यानं ओढून घेतले आणि प्रोसेसरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये त्याचा नमदा तयार झाला. ब्रशनं निघाला नाही, चिमट्यानं ओढून काढावा लागला.

साफ झाल्यावर खरं दुखणं दिसलं. प्रोसेसरशेजारच्या कपॅसिटरांपैकी एकाचं डोकं फुगलं आहे. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं. ते वर आलं की आतलं रसायन वाफाळलं असं समजायचं. दुपारी उगाच रीस्टार्ट होण्याचं कारण बहुतेक हेच.

"वहिनी, या बोर्डात आता पैसे नका घालू," भाऊजी म्हणाले. "कपॅसिटर बदलता येते, पण बाकीचेही त्याच वयाचे हायेत."

२४ ऑक्टोबर

भाऊबीज झाली. आता हिशेब.

सगळ्यात स्वस्त रस्ता असा: याच बोर्डावर जुना आय५-३४७० टाकायचा, डीडीआर३ ची ८ जीबी रॅम आणि एक साटा एसएसडी, म्हणजे जुन्या डिस्कच्याच साटा जोडावर लागणारी पण आत काही न फिरणारी डिस्क. सेकंडहँड धरून चार-साडेचार हजारांत होतं. एच६१ चे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणजे एसएसडीचा निम्मा वेग वाया. तरीही फिरत्या डिस्कपुढे ते विमानच. आय५-३४७० तिसऱ्या पिढीचा आहे आणि एच६१ बोर्ड दुसऱ्या पिढीच्या वेळचे, त्यामुळे आधी बायोस, म्हणजे बोर्डातलं यंत्र सुरू करणारं सॉफ्टवेअर, अद्ययावत करावं लागतं. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, एकच, ११५५, म्हणून चालेलच असं नाही.

केंद्र नसतं, पोरांच्या अभ्यासापुरता कॉम्प्युटर असता तर मी हेच केलं असतं. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलची किमान आठवी पिढी. आडमार्गानं टाकता येतं, तसे व्हिडिओही आहेत, पण पुढचा मोठा अपडेट येईल की नाही याची हमी नाही. लोकांची कागदपत्रं अशा यंत्रावर ठेवायची नाहीत.

व्हॉट्सॲपवर एक जाहिरात फिरते आहे: "आय७, १६ जीबी, एसएसडी, फक्त अकरा हजार". फोन करून पिढी विचारली. पलीकडचा गप्प झाला, मग म्हणाला, "आय-सेव्हन आहे ना ताई, पिढीचं काय घेऊन बसलात." आय७-३७७० असणार. नव्या एच६१ बोर्डावर बसवलेला. होय, तेरा-चौदा वर्षांपूर्वीच्या चिपसेटचे बोर्ड आजही कोऱ्या खोक्यात मिळतात. खोकं नवं असलं म्हणून पिढी नवी होत नाही.

२७ ऑक्टोबर

आज यादी करण्याआधी हिंगणघाटच्या दुकानदाराला एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडे कायम काय पडून असतं? कारण इथे यंत्र बिघडतंच. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की केंद्रातला मीटर १८० व्होल्टवर येतो आणि लाइन जाऊन परत आली की एकदम उसळी मारतो. पावसाळ्यात विजा. एसएमपीएस आणि बोर्ड हे इथे सगळ्यात आधी जळणारे भाग आहेत. नागपूरहून कुरिअरनं भाग येईपर्यंत केंद्र बंद ठेवणं परवडत नाही. तेव्हा कसोटी ही: जो भाग हिंगणघाटात त्याच दिवशी बदलून मिळत नाही, तो कितीही चांगला असला तरी माझ्या कामाचा नाही.

तो म्हणाला, एच६१० चे बोर्ड कायम असतात, साधे एसएमपीएस असतात, डीडीआर४ असते. एएमडीचे बोर्ड मागवून देतो.

२९ ऑक्टोबर

या कसोटीवर पहिला बळी गेला तो रिफर्बिश्ड ब्रँडेड कॉम्प्युटरचा, आणि तो माझा आवडता पर्याय होता. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेले, आय५-८५०० चे, सहा कोअर, विंडोज ११ च्या यादीत बसणारे. किंमत पंधरा हजारांच्या आत. डबा छोटा, वीज कमी. पण आत पाहिलं तर एसएमपीएस त्या कंपनीच्याच मापाचा आणि बोर्डाला जाणारा जोडही नेहमीचा २४ पिनी नाही. तो जळाला की साधा एसएमपीएस ना आत मावतो ना जोडता येतो. वर व्हीजीए नाही, डिस्प्लेपोर्ट. म्हणजे मॉनिटरसाठी कन्व्हर्टर आलाच.

नागपूर-पुण्यात राहणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावा. माझ्यासाठी नाही.

१ नोव्हेंबर

राहिले दोन. एकीकडे एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी आणि ए५२० बोर्ड, दुसरीकडे इंटेलचा आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड.

कागदावर रायझन वरचढ आहे. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि आतलं ग्राफिक्स इंटेलपेक्षा चांगलं. आय३ चे चार कोअर, आठ थ्रेड. पण माझं काम म्हणजे ब्राउझरचे आठ-दहा टॅब, पीडीएफ, पासपोर्ट फोटो कापणं, मराठी टायपिंग. यात एकेका कोअरचा वेग कामी येतो आणि तिथे आय३ मागे नाही. गेम खेळणारा असता किंवा लग्नाचे व्हिडिओ कापणारा असता तर मी रायझनच घ्यायला सांगितलं असतं.

जुळणीच्या बाजूनं पाहिलं तर एच६१० आणि आय३-१२१०० दोन्ही जानेवारी २०२२ चे. बायोस कोणतंही असो, पहिल्याच झटक्यात चालू होणार. ५६००जी जुन्या बी४५० बोर्डावर टाकायचा तर आधी बायोस अपडेट, आणि त्यासाठी दुसरा प्रोसेसर हाताशी हवा. ए५२० वर ही अडचण सहसा येत नाही, पण दुकानात शिल्लक पडलेला बी४५० गळ्यात मारला जातो, तिथे सावध राहावं.

नावामागचं अक्षर पाहायचं. आय३-१२१००एफ हजार-दोन हजारांनी स्वस्त पडतो, कारण त्यात ग्राफिक्सच नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटर काळाच. रायझनमध्येही तसंच: ५५०० ला ग्राफिक्स नाही, ५६००जी ला आहे.

एच६१० बोर्डातही दोन जाती. एकात डीडीआर४ बसते, दुसऱ्यात डीडीआर५. दोन्हींचे पिन २८८च, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकीची दुसरीत जात नाही. भाऊजींनी मित्राच्या लॅपटॉपची डीडीआर४ आणून दाखवली, "ही चालते का पाहा." ती बुटकी, २६० पिनांची. डेस्कटॉपच्या स्लॉटात नाही बसत.

आय३-१२१०० नक्की. बोर्ड डीडीआर४ चा, मागे व्हीजीए असलेला, एनव्हीएमईची (साटाहून वेगवान एसएसडीची) एम.२ जागा असलेला. असे एच६१० बोर्ड बरेच आहेत.

४ नोव्हेंबर

लालपरीनं नागपूर. सीताबर्डीवर उतरून दुकानं पालथी घातली. प्रोसेसर आणि बोर्डाचे भाव सगळीकडे शंभर-दोनशेच्या फरकानं सारखे. रॅमचं मात्र वेगळंच चालू आहे. उन्हाळ्यात दोन हजारांच्या आत मिळणारी ८ जीबी डीडीआर४ आज तीन हजारांच्या वर, आणि दुकानदार कोटेशन लिहून द्यायला तयार नाहीत. "ताई, आजचा भाव आज. उद्या विचारू नका." मोठ्या कंपन्या डीडीआर४ बनवणं आटोपतं घेत आहेत आणि कारखान्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळतो आहे, त्याची झळ इथवर आली. १६ जीबी घ्यायचा विचार तिथेच सोडला. एकच ८ जीबीची कांडी घेतली, दुसरा स्लॉट मोकळा. जोडीनं दोन लावल्या तर आतल्या ग्राफिक्सला फायदा होतो, फॉर्म भरण्याला फरक पडत नाही.

जीएसटी कमी झाला ना, असं मी विचारून पाहिलं. सप्टेंबरातली कपात इथे लागू नाही. प्रोसेसर, रॅम, बोर्ड आधीही १८ टक्क्यांत होते, आताही १८ मध्येच.

घेतलेलं:
आय३-१२१००, सीलबंद खोक्यात: १०,२००
एच६१० बोर्ड, डीडीआर४: ६,१००
रॅम ८ जीबी: ३,१५०
एनव्हीएमई एसएसडी ५१२ जीबी: ३,२००
एसएमपीएस ४५० वॅट, ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याच्या) शिक्क्याचा: २,२५०
एकूण २४,९००.

सीलबंद खोक्याचा हट्ट धरला. सुटा प्रोसेसर थोडा स्वस्त देत होते, पण त्यासोबत पंखा येत नाही. जुना पंखा या बोर्डावर बसतही नाही: ११५५ च्या भोकांचं अंतर ७५ मिलिमीटर, १७०० सॉकेटचं ७८. तीन मिलिमीटरचाच फरक, पण पाय भोकात जात नाही.

एसएसडी घेतानाही खोक्यावरचं वाचलं. एम.२ हे फक्त आकाराचं नाव. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही, आणि बोर्डाची जागा दोन्ही चालवेल असं नाही. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब.

६ नोव्हेंबर

जुना एसएमपीएस चालला असता का? लेबलवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट आणि खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. आजचे प्रोसेसर बहुतेक सगळी वीज या १२ व्होल्टच्या तारेवरूनच घेतात, तेव्हा खरा आकडा हाच. आय३-१२१०० जोर लावतो तेव्हा ८९ वॅटपर्यंत जातो. बाकीचं धरून सव्वाशेच्या आत. म्हणजे आकड्यांत बसलं असतं. पण दहा-बारा उन्हाळे काढलेला एसएमपीएस नव्या बोर्डाला जोडणं म्हणजे सव्वादोन हजार वाचवून बोर्ड-प्रोसेसरचे सोळा हजार डावावर लावणं.

यूपीएस मात्र तोच ठेवते. ६०० व्हीए म्हणजे ३६० वॅट, कॉम्प्युटर आणि मॉनिटरला भरपूर. प्रिंटर त्यावर कधीच लावायचा नाही. लेसर प्रिंटर कागदावरची पूड तापवून चिकटवतो, त्या क्षणी काहीशे वॅट एकदम ओढतो आणि यूपीएस किंचाळून बंद पडतो.

आता अर्थिंग. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, ही तक्रार जुनी. सगळे म्हणायचे कॉम्प्युटर लीक आहे. भाऊजींनी टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजला, दुसरं सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला लावलं. दिवा लागलाच नाही. अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत आली होती, पुढे ती कुठेच जात नव्हती. एसएमपीएसच्या आत खरखर गाळायला फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून पत्र्याला बारीक कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती चिमूटभर वीज जमिनीत जाते. नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो आणि माझ्या बोटातून वाट काढतो. नवा एसएमपीएस लावला असता तरी झिणझिण्या तशाच राहिल्या असत्या.

घराच्या मागे, बाथरूमचं पाणी जातं त्या बाजूला खड्डा घेतला. पाइप, कोळसा, मीठ, वरून पाणी ओतायला नरसाळं. जागा मुद्दाम ओलीची निवडली. आपली काळी माती एप्रिलात हातभर भेगाळते, ओल गेली की अर्थिंग नावालाच उरते. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालायचं, हे सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. सामान सोळाशेचं, हे पैसे गटाच्या बाहेरचे. मीटरवर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दीड व्होल्ट. दिवा आता झगझगीत लागतो.

९ नोव्हेंबर, रविवार

केंद्र बंद ठेवून जोडणी. कॅबिनेट जुनाच, एटीएक्स मापाचा, बोर्ड मायक्रो-एटीएक्स, सहज बसतो. फक्त खालचे पितळी खिळे बोर्डाच्या भोकांप्रमाणे हलवायचे. जास्तीचा एखादा खाली राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो. एक काढला.

१७०० सॉकेटमध्ये पिना बोर्डात असतात, प्रोसेसर सपाट. तो वरून सरळ ठेवायचा, सरकवायचा नाही. दांडा दाबताना करकरतो, तो आवाज ऐकून भाऊजी थांबले. तो तसाच करकरतो.

एम.२ चा तीळभर स्क्रू बोर्डाच्या खोक्यात वेगळ्या पुडीत असतो. पुडी आधीच बाजूला काढून ठेवली होती, नाहीतर तो कापसात गेला असता.

मॉनिटर व्हीजीएवर पहिल्या झटक्यात लागला. बायोसमध्ये रॅम, एसएसडी दोन्ही दिसले.

१० नोव्हेंबर

जुनी डिस्क लावून तेच विंडोज चालू करता येत नाही. या पिढीचं आतलं ग्राफिक्स फक्त यूईएफआयवर, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीवर, चालतं आणि जुनं विंडोज जुन्या पद्धतीनं टाकलेलं. तेव्हा कोरी करकरीत स्थापना. टीपीएम वेगळं विकत घ्यावं लागत नाही, इंटेलचं पीटीटी बायोसमध्ये चालूच होतं. विंडोजचं लायसन्स वेगळ्या खोक्यात घेतलेलं, रिटेल होतं आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेलं, त्यामुळे 'हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडून ते नव्या बोर्डावर आलं. बोर्डासोबत आलेलं ओईएम लायसन्स असतं तर बोर्डासोबतच गेलं असतं आणि माझं पंचवीस हजारांचं गणित कोसळलं असतं. खरेदीला निघायच्या आधी हे तपासावं, नंतर नाही.

प्रिंटरला ६४ बिटचा ड्रायव्हर टाकला आणि तार मागच्या काळ्या यूएसबी २ पोर्टात लावली. अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (आधारच्या पडताळणीसाठी लागणारं सॉफ्टवेअर) दोन्ही नव्यानं. याच यंत्रासाठी मी लिनक्सचा विचार केला नाही. तिथे माझ्या यंत्राची सोय नाही.

सकाळी पहिली बाई आली तेव्हा चहा हातात होता. चहा ठेवायच्या आत लॉगिनची पाटी समोर.

१९ नोव्हेंबर

ई-केवायसीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. संकेतस्थळ तसंच अडकतं, त्याला आय३ काय करणार. पण आता अडकलं तर टास्क मॅनेजर शांत असतो आणि मी तो बायांना दाखवते. कपास किसान ॲपवर कापूस विक्रीची नोंदणीही सोबत चालू आहे, लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० असल्यानं सगळ्यांना कापूस सीसीआयलाच, म्हणजे सरकारी कापूस महामंडळालाच, द्यायचा आहे. सातबाऱ्याची पीडीएफ, आधार आणि फोटो एकाच वेळी उघडे ठेवता येतात. ८ जीबीत साडेपाच वापरात असतात.

तापमान पाहिलं. खोली २८ अंश, कामात प्रोसेसर ५५ च्या आसपास. मे महिन्यात खोली ४५ ला गेली तर हा सत्तरीत जाईल. शंभरला तो स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे जागा आहे. कापूस मात्र याही वर्षी बाजूच्या खोलीतच. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर आतून मच्छरदाणीचा तुकडा चिकटवला. बारीक कापड लावलं तर हवाच अडते. तुकडा दर आठवड्याला झटकायचा.

३० नोव्हेंबर

फुगलेला कपॅसिटर टीव्हीवाल्या काकांनी बदलून दिला. १००० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट, दुसऱ्या मेलेल्या बोर्डातून काढलेला. जुना एच६१ सुरू झाला आहे. त्यावर लिनक्स मिंट टाकून पोरांना टायपिंगला देते, लोकांची कागदपत्रं त्यावर नाहीत.

दुसऱ्या ८ जीबी रॅमचा भाव विचारला. साडेचार हजार. स्लॉट रिकामाच राहू दे.